आधी अंडी बघा, मग पंप उचला

आटपाडीत डाळिंबावर हिरवा ढेकूण दिसला, की आमचे शेजारी विचारतात, "काय मारायचं?" मी उलट विचारतो, अंडी कुठल्या रंगाची आहेत?

पाठीवर ढालीसारखं त्रिकोणी कवच, हात लावला की उग्र वास. तूर, घेवडा, टोमॅटो वाळले की हा किडा बागेत शिरतो आणि फळात सोंड खुपसून रस ओढतो. तिथं डाग पडतो. नुकसान होतंच, ते मी नाकारत नाही.

पण पान उलटं करून बघा. मागं अंड्यांचा षटकोनी पुंजका असतो. पिवळसर अंडी उबताना गुलाबी होतात. काळी पडली, तर आत जेमतेम मिलिमीटरभर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. ऑस्ट्रेलियानं १९३३ मध्ये याच कुळातली माशी इजिप्तमधून मुद्दाम आणली. आपल्याकडं असल्या माश्या फुकट येतात आणि आपण त्यांच्यावरच फवारतो! शिवाय ढालवाले सगळेच वैरी नाहीत. जाड सोंडेचे, टोकदार खांद्यांचे काही तर अळ्या खातात.

माण-खटावपासून जतपर्यंत हा फरक औषध दुकानदार का सांगेल? त्याचं पोट बाटलीवर. कृषी सहाय्यकांनीच चावडीवर भिंग घेऊन तो दाखवायला हवा. नुकती निघालेली पिल्लं पहिले काही दिवस पुंजक्यालाच चिकटून असतात. तेवढं पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं, की तिथलं काम झालं.