‘फक्त दोनच नग शिल्लक’

ऑनलाइन धंदा कसा वाढवायचा याचा सल्ला देणारी न्यूजलेटर हल्ली फुकट मिळतात. गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यांत पिशव्या, प्लास्टिकच्या वस्तू, पॅकिंगचे खोके बनवणारे आता थेट ग्राहकाला माल विकू पाहतात. घरी शिवणकाम करणाऱ्या बायका इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेतात. ही न्यूजलेटर अशांसाठीच असतात. मीही ती नेमाने वाचतो. त्यांत घेण्यासारखं बरंच आहे, हे आधीच सांगतो. मालाचा फोटो उजेडात काढा, किंमत लपवू नका, विचारणा आली की त्याच दिवशी उत्तर द्या. हे सल्ले कुणीही डोळे झाकून पाळावेत.

माझा आक्षेप त्यापुढच्या सल्ल्यांना आहे. सवलत संपत आल्याचं दाखवणारं घड्याळ लावा आणि ते संपलं की पुन्हा सुरू करा. गाळ्यात दोनशे नग पडून असले तरी ‘फक्त दोनच नग शिल्लक’ असं लिहा. ओळखीपाळखीच्या लोकांकडून पाच-पाच तारे मिळवा. सवलत नको असेल त्याच्यासाठी बटणावर ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं छापा. या सगळ्याला तिथे ग्राहकाचं मानसशास्त्र म्हणतात. आपल्याकडे त्याला थाप मारणं म्हणतात.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: दुकानदार कधीपासून हरिश्चंद्र झाला? बाजारात थोडंफार चालायचंच. पण बाजारात ग्राहकही काही कमी नसतो. वसईच्या मासळीबाजारात कोळीण कितीही ‘ताजं, ताजं’ म्हणाली तरी घेणारी बाई कल्ला उघडून त्याचा रंग बघते, मग भाव करते. मोबाईलवर कल्ला उघडता येत नाही. तिथे ग्राहकाच्या हातात विक्रेत्याचा शब्द आणि एक फोटो, एवढंच असतं. म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याची जबाबदारी बाजारातल्या दुकानदारापेक्षा जास्त आहे.

आपल्या परंपरेत हा प्रश्न जुनाच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं निघालं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, हा त्यांचा सवाल होता. फसवणारा आपला नव्हे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. भिजणं हा गुन्हा नव्हता, लपवणं हा होता. तसंच ‘नजश’ निषिद्ध आहे. घ्यायचं मनात नसताना केवळ भाव चढावा म्हणून बोली लावणं म्हणजे नजश. ‘आत्ता सत्तावीस जण ही वस्तू बघत आहेत’ ही खोटी पाटी त्याच जातकुळीची. नमाज वेळेवर आणि धंद्यात नजश, हा हिशेब जुळत नाही.

ज्यांना धर्माचा दाखला नको त्यांच्यासाठी कायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत अशा १३ क्लृप्त्यांची यादी आहे. खोटी घाई दाखवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, न मागितलेली वस्तू गुपचूप खरेदीत टाकणं, वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करणं, हे सगळं त्यात येतं. ती बड्या कंपन्यांपुरती नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यांच्या कक्षेत आहेत. न्यूजलेटर लिहिणारा परदेशात बसलेला असेल, नोटीस मात्र इथल्या गाळ्यावर येईल.

आणि निव्वळ नफ्या-तोट्याचं म्हणाल, तर घाईत घेतलेली वस्तू घाईतच परत येते. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत फिरलं की जाण्यायेण्याचा खर्च विकणाऱ्याच्याच माथी बसतो. मोठी कंपनी तो सोसते. घरातल्या शिलाई मशीनवर चालणारा धंदा चार पार्सलांत मोडकळीला येतो.

सल्ला देणारा स्वतः काय विकतो, हेही बघावं. फुकटच्या पुस्तिकेच्या बदल्यात तो आपला पत्ता घेतो, आठवडाभर रोज एक पत्र पाठवतो आणि शेवटी काही हजारांचा कोर्स पुढे करतो, अर्थात ‘आज रात्रीपर्यंतच’. आपली पत्रं किती जण उघडतात याचे आकडे तो अभिमानाने दाखवतो. पण २०२१मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची नवी सोय आणल्यापासून, वाचणाऱ्याने पत्र न उघडताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. तेव्हा त्या आकड्यांवर फार विसंबू नये.

मग ईमेल किंवा व्हॉट्सॲप वापरूच नये का? जरूर वापरावं. ज्याने स्वतःहून नंबर दिला त्यालाच लिहावं. नवा माल आला, सणाआधी ऑर्डर कधीपर्यंत घेणार, या खेपेच्या कापडाचा रंग थोडा उतरतो, असं खरं ते सांगावं. नको म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढावं. आणि ‘फक्त दोनच नग शिल्लक’ हे वाक्यही खुशाल लिहावं, पण दोनच उरले असतील तेव्हा. मग लोक त्यावर विश्वास ठेवतील. छोट्या धंद्याचं खरं भांडवल तेवढंच असतं.