सुपरमॅनचे नवे-जुने

'अमेझिंग स्पायडरमॅन' या अमेरिकन मासिकाचा पहिला अंक एप्रिल २०२५ मध्ये बाजारात आला. पहिला म्हणजे सातवा पहिला. मूळचा पहिला १९६३ सालचा. त्यानंतर १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ असे सहा वेळा जुने आकडे पुसून पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. नायक तोच, पीटर पार्कर. गंमत अशी की, एखादा गोल आकडा जवळ आला की पुसलेले अंक पुन्हा बेरजेत धरले जातात. २००३ साली याच मासिकाचा ५०० वा अंक असाच निघाला. सुपरमॅनचे 'ॲक्शन कॉमिक्स' १९३८ पासूनचे. २०११ साली ते ९०४ व्या अंकावर थांबवले, एकपासून ५२ अंक काढले, २०१६ साली एकदम ९५७ वर उडी मारली आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये हजारावा अंक थाटात साजरा केला.

हा हिशेब पाहिला की माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला मार्चअखेर आठवते. पीककर्जाचे 'नवे-जुने' म्हणजे काय, हे खेड्यापाड्यांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. जुने कर्ज फिटले असे कागदावर दाखवायचे, लगोलग त्याच माणसाच्या नावे थोड्या वाढीव रकमेचे नवे कर्ज टाकायचे, मधले व्याज त्यात मुरवायचे. शेतकऱ्याचे खाते नियमित, शाखेचा ताळेबंद नियमित. पीक खरोखर आले होते का, एवढे मात्र त्या दिवशी कुणी विचारायचे नाही. कॉमिक्सच्या धंद्यात पीक म्हणजे गोष्टीचा शेवट. तो आलेला नसतो, म्हणून खाते फिरवावे लागते.

यामागे धंद्याचे गणित आहे आणि ते मूर्खपणाचे नाही. अमेरिकेत ही मासिके मुख्यतः त्यांच्याच खास दुकानांतून विकली जातात. दुकानदार आगाऊ मागणी नोंदवतो आणि न खपलेला माल बहुतेक वेळा त्याच्याच गळ्यात राहतो. चारशे एक्केचाळिसाव्या अंकाला नवा वाचक हात लावत नाही. पहिल्या अंकाला लावतो. शिवाय पहिला अंक पुढे मोलाचा ठरेल या आशेने प्रती साठवणारेही असतात. १९९१ साली 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी निघाला आणि ८० लाखांवर प्रती दुकानांत गेल्या. वाचणारे अर्थातच तितके नव्हते. पुढे हा फुगा फुटला, शेकडो दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल कंपनीला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्यातून कंपनी सावरली, सवय मात्र गेली नाही.

माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. आकडे फिरवता फिरवता मरणच स्वस्त झाले, ही तक्रार आहे. १९८८ साली बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा याचा कौल प्रकाशकांनी वाचकांकडून टेलिफोनवर घेतला. कॉलचे पैसे वाचकांनीच भरायचे. ५,३४३ मते मरणाच्या बाजूने पडली, ५,२७१ जगण्याच्या. बहात्तर मतांनी पोरगे गेले. कल्पना क्रूरच, पण त्यानंतरच्या बॅटमॅनच्या गोष्टींना त्या मरणाने एक वजन दिले. बापासारख्या माणसाच्या हातून झालेली ती चूक होती. २००५ साली जेसन परत आला. कसा? तर दुसऱ्याच एका विश्वातल्या सुपरबॉयने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले आणि त्या हादऱ्यांनी इतिहास हलला! मतदानाचे पैसे मात्र परत मिळाल्याचे ऐकिवात नाही.

चाहत्यांत पूर्वी असे म्हटले जाई की, या दुनियेत कायमचे मेलेले तिघेच : स्पायडरमॅनचा बेनकाका, कॅप्टन अमेरिकेचा साथीदार बकी आणि हा जेसन. त्यातला बकीही २००५ मध्येच परतला. एड ब्रुबेकर या लेखकाने ते काम इतके चांगले केले की मलाही राग धरता आला नाही. पण उरला एकटा बेनकाका. बाकी सगळ्या अंत्ययात्रा आता उत्सवमूर्तीच्या मिरवणुकीसारख्या वाटतात. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला तेव्हा अंकासोबत दंडाला बांधायची काळी फीत दिली होती. लोकांनी लाखो प्रती घेतल्या. १९९३ साल सरायच्या आत स्वारी उडायला लागली. पुढच्या वेळी काळी फीत कोण बांधणार?

मरणाचे जे, तेच लग्नाचे. पीटर पार्करचे मेरी जेनशी लग्न १९८७ साली झाले. वीस वर्षांनी संपादकांना वाटू लागले की संसारी नायक वाचकाला वयस्कर वाटतो. घटस्फोट दिला तर तो आणखी वयस्कर. मग २००७ साली मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करवला : मरणासन्न मेकाकू वाचेल, बदल्यात लग्न कधी झालेच नव्हते असे होईल. वीस वर्षे त्या जोडप्याबरोबर वाढलेल्या वाचकाला सांगितले गेले की, तू वाचलेस ते घडलेच नाही. मालिकेचे लेखक स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतःच या शेवटाबद्दल नापसंती जाहीर केली. कादंबरीकार म्हणून मला त्यांची कीव येते. आपल्या पात्राचे काय व्हावे हे लेखकाने ठरवायचे नाही, तर कुणी?

उत्तर सोपे आहे : मालकाने. सीगल आणि शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले, तेव्हाच ते ठरले. पात्र ही मालमत्ता झाली, आणि चालती मालमत्ता कुणी मोडीत काढत नाही. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी 'वॉचमेन' बारा अंकांत, १९८६-८७ मध्ये, पुरता संपवला होता. पुस्तक छपाईबाहेर गेले की हक्क लेखकांकडे परत, असा करार होता. पुस्तक कधी छपाईबाहेर जाऊच दिले नाही. २०१२ साली इतरांकडून त्याच्या पूर्वकथा लिहून घेतल्या, २०१७ पासून त्यातली पात्रे सुपरमॅनच्या गोष्टीत ओढून आणली.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की, या आधुनिक पुराणकथा आहेत आणि पुराणकथांना शेवट नसतो. मला हे पटत नाही. व्यासांनी कृष्णालाही व्याधाच्या बाणाने मरू दिले आणि पांडवांना हिमालयात एकेक करून पडू दिले. कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते ती शेवटासकट. लहानपणी मराठी 'इंद्रजाल'मध्ये भेटणाऱ्या वेताळाच्या कर्त्यालाही, ली फॉकला, हे कळले होते. त्याचा वेताळ अमर असल्याची अफवा जंगलात असते, पण वाचकाला ठाऊक असते की हा एकविसावा आहे. आधीचे वीस गुहेत पुरलेले आहेत. त्या थडग्यांमुळेच एकविसाव्याची काळजी वाटायची.

आणि शेवट लिहिता येत नाही असेही नाही. जेम्स रॉबिन्सनने 'स्टारमॅन' २००१ साली ८० व्या अंकात मनाप्रमाणे संपवला. नायक आपला दंड एका पोरीच्या हाती देऊन गाव सोडतो. पण मला सर्वांत आवडतो तो खुद्द सुपरमॅनचा शेवट. १९८६ साली कंपनीने जुना सुपरमॅन बंद करून जॉन बर्नकडून नवा सुरू करायचे ठरवले. जुन्याचे खाते मिटणारच होते, म्हणून त्याची अखेरची गोष्ट लिहू दिली गेली, ॲलन मूरलाच. चित्रे कर्ट स्वानची, ज्याने तीस वर्षे हाच चेहरा काढला होता. दोन अंकांची गोष्ट. त्यात सुपरमॅनच्या हातून एकदा, नाइलाजाने, शत्रूचा जीव जातो. कुणाचाही जीव घ्यायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याचे व्रत. म्हणून तो स्वतः होऊन एका खोलीत जातो, जिथल्या दगडाने त्याची शक्ती कायमची जाणार असते. पुढे दहा वर्षांनी लोइस एका वार्ताहराला ही हकीकत सांगते. शेजारी तिचा नवरा, साधा कामकरी माणूस, बाळाला खेळवत असतो. बाळ मुठीत कोळशाचा तुकडा दाबते आणि त्याचा हिरा होतो. नवरा आपल्याकडे पाहून डोळा मिचकावतो आणि दार लावून घेतो.

त्याच वर्षी बर्नच्या 'मॅन ऑफ स्टील'चा पहिला अंक निघाला. तोही वाईट नव्हता. त्यानंतर सुपरमॅनचा जन्म इतक्यांदा नव्याने सांगितला गेला आहे की मी मोजणे सोडले. अमेरिकन कायद्याप्रमाणे १९३८ च्या त्या पहिल्या गोष्टीवरचा हक्क २०३४ च्या जानेवारीत संपेल. नाव आणि छातीवरचे चिन्ह यांवर व्यापारचिन्हाचा दावा कंपनी सोडणार नाही, पण ती गोष्ट पुढे नेऊन संपवायला कुणालाही मोकळीक राहील. कोण कसा संपवतो, ते वाचायला मला आवडेल.