रंगाच्या दरात रंगारी कुठे?

मुळा-मुठेच्या काठचे खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आले. शेतांच्या जागी बहुमजली संकुले उभी राहिली, आणि ‘व्यावसायिक रंगारी’ नेमणे हा तेथील गृहरचना संस्थांच्या सभांतील नित्याचा विषय झाला. मीही अशा सभांना बसलो आहे. चौरस फुटाचा दर किती, हमी किती वर्षांची, यावर तासभर खल होतो. दहाव्या मजल्यावर झुल्यावर लोंबकळणाऱ्या माणसाला सुरक्षापट्टा मिळणार काय, असे विचारले की उत्तर येते : तो कंत्राटदाराचा प्रश्न!

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात गेली म्हणून सांगतो, स्वस्त निविदेतील बचत आकाशातून पडत नाही. रंगाची किंमत कंपनी ठरविते. कात्री लागते ती मजुरीला आणि दोराला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दहांपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना वगळल्या. घर रंगविण्यास येणारी चौघांची टोळी त्यातून सहज निसटली. जुना रंग घासताना उडणारी धूळ त्यांच्याच छातीत जाते. रंगाऱ्याचा धंदाच कर्करोगास कारण ठरतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच दिला होता. रंगातील शिशावर आपल्याकडे कायद्याची कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधी रंगविलेल्या भिंती आजही खरवडल्या जात आहेत.

तेव्हा संस्थांनी निविदेतच अटी घालाव्यात : सुरक्षापट्टा, मुखपट्टी, अपघात विमा, आणि मजुरीचे वाटप संस्थेच्या पदाधिकाऱ्यासमक्ष. या अटी नाकारणारी निविदा, ती कितीही स्वस्त असो, सभेने फेटाळावी.