हिरड्यांचे औषध वाडीत आहे, डबीत नाही



माझ्या आजीच्या हिरड्या सुजल्या आहेत. सकाळी चूळ भरली की पाण्यात रक्त दिसतं. भाकरी तिला चावत नाही, चहात बुडवून खाते. विचारलं तर म्हणते, "अगं, मशेरी लावली की बरं वाटतं," आणि डबी उघडते. गेल्या महिन्यात पहिलीतल्या माझ्या धाकट्या बहिणीनेही त्या डबीत बोट घातलं. म्हणून या विषयावर लिहायचं मी ठरवलं.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. ती लावल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, पण तो औषधाचा गुण नव्हे, ती सवय आहे. एक दिवस लावली नाही तर आजीचं डोकं ठणकतं ते त्यामुळेच. तंबाखूने हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. सरकारने १९९२ साली तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर बंदी घातली. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. पण घरच्या तव्यावर पहारा कोण ठेवणार? तो आपणच ठेवला पाहिजे.

काही जण म्हणतील, जुन्या माणसांचं ते सगळं टाकाऊ का? मुळीच नाही. आजी लहानपणी बाभळीच्या काडीने दात घासायची. ते मला पटतं. काडी नीट चावून मऊ केली तर दात स्वच्छ होतात. पण जुनं आहे म्हणून चांगलं, असं नसतं. काडी जुनी आणि मशेरीही जुनी. आपण पारखून घ्यायला हवं.

हिरड्यांचा आहाराशीही संबंध आहे. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यांची जहाजे महिनोन्‌महिने समुद्रात असत. ताजी फळे, भाजी मिळत नसे. खलाशांच्या हिरड्या सुजत, दात पडत आणि कित्येक जण मरत. या रोगाचे नाव स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातल्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा पदार्थ दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते सर्वांत आधी बरे झाले. त्या फळांत 'क' जीवनसत्त्व असते, हे पुढे कळले.

हे जीवनसत्त्व आपल्या दारात आहे. आवळा, पेरू, लिंबू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. पेरूत तर ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पण आपण करतो काय? वाडीतल्या चांगल्या जुड्या पहाटेच्या गाडीने मुंबईला जातात आणि आपल्या ताटात चहा-खारी. विकू नका असं मी म्हणत नाही, त्यावरच घर चालतं. पण एक जुडी घरासाठी ठेवावी, आणि भाजी फार वेळ शिजवू नये, असं मला वाटतं. फार शिजवली तर हे जीवनसत्त्व कमी होतं.

मात्र आवळा खाल्ला की झालं, असंही नाही. बहुतेक वेळा दात आणि हिरडी यांच्या कडेला साठलेल्या चिकट थरामुळे हिरड्या सुजतात. रक्त येतं म्हणून आपण घासणंच सोडतो आणि थर वाढतो. ही चूक आहे. मऊ ब्रशने हलक्या हाताने दोन वेळा घासावे. वीटेची पूड, राखुंडी लावू नये, त्याने दात झिजतात. आपल्या तालुक्यात मिठागरे आहेत, मिठाला काय तोटा? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. ठणका कमी होतो. पण दातावर घट्ट बसलेलं कीटण मिठाने निघत नाही, ते डॉक्टरच काढतात. दात हलत असेल, तोंडात पांढरा किंवा लाल डाग असेल, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर घरगुती उपाय करत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

आजीने अजून डबी टाकलेली नाही. "पाहू," म्हणते. पण आता रोज रात्री ती माझ्याबरोबर मिठाच्या गुळण्या करते, आणि आमचं बघून धाकटीही करते. सोमवारी आई आजीला दवाखान्यात नेणार आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी फळीवर अशी डबी असेल. रागावू नका. आजीजवळ बसा, तिला एक पिकलेला, मऊ पेरू कापून द्या आणि हे वाचून दाखवा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी