पाटाच्या पाण्यावाचून पिकणारे द्राक्ष



कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांच्या अंकात जर्मनीच्या वाईनवर अग्रलेख पाहून काहींच्या भुवया वर जातील. प्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही बोलतो आहोत पिकाबद्दल आणि भावाबद्दल.

आमच्याकडे द्राक्ष म्हटले की विहीर, ठिबक आणि लाखांचे कर्ज डोळ्यांपुढे येते. जर्मनीतले द्राक्ष बहुतांशी पावसाच्या पाण्यावरच येते. देशात १३ द्राक्षप्रदेश आहेत आणि मिळून सुमारे १ लाख हेक्टर लागवड. त्यात मोझेल नदीकाठची जमीन म्हणजे पाटीच्या दगडाचा कडा. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार तर जवळजवळ भिंतच. ट्रॅक्टर चढत नाही. छाटणी, तोडणी सगळी हाताने. पण हाच काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. त्या थंड मुलखात द्राक्ष पिकते ते त्याच्या जिवावर.

या उतारांचा राजा म्हणजे रीसलिंग. १४३५ सालच्या हिशेबाच्या कागदात त्याची नोंद सापडते. पिकायला उशीर लावणारा, पण आंबट-गोड तोल आणि सुवास राखणारा हा पांढरा वाण आज जवळपास चौथा हिस्सा क्षेत्र व्यापतो. फ्रांकेन भागात १६५९ पासून सिल्वानर आहे. काळ्या द्राक्षात श्पेटबुर्गुंडर जुना, तर डोर्नफेल्डर १९५५ मध्ये संशोधन केंद्रात तयार झालेला. आणि एक म्युलर-थुर्गाव. १८८२ मध्ये गायझेनहाईमला केलेला हा संकर लवकर पिकतो आणि भरघोस येतो. १९७० च्या दशकात त्याने क्षेत्रात रीसलिंगला मागे टाकले. पण भाव? हायब्रीड ज्वारी पोत्यांनी पिकते आणि बाजार मालदांडीला विचारतो, तोच प्रकार. पुढे रीसलिंगने पहिली जागा परत घेतली.

प्रतवारीची रीत पाहण्यासारखी आहे. रसात साखर किती, हे एक्सले नावाच्या अंशांत मोजतात. फेर्डिनांड एक्सले या कारागिराने एकोणिसाव्या शतकात त्यासाठीचे साधन रूढ केले. त्या मापावर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा पायऱ्या ठरतात. श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेली. १७७५ मध्ये तोडणीची परवानगी आणणारा जासूद उशिरा पोहोचला, द्राक्षे वेलीवरच सडू लागली आणि त्यातूनच उत्तम वाईन निघाली, अशी कथा योहानिसबर्गला सांगतात. परवानगीची वाट पाहत पीक वेलीवर ठेवणे आम्हाला नवे नाही. तिथे निदान शेवट गोड झाला.

आता घात कुठे झाला ते पाहा. १९७१ च्या कायद्याने साखरेचे हे एकच माप मुख्य धरले आणि लहान लहान शिवारांची नावे मोठ्या नावांत मिसळू दिली. मग सपाटीवरचा स्वस्त माल नामांकित गावाचे नाव लावून विकला जाऊ लागला. वोर्म्सच्या चर्चभोवतीच्या बागेचे ‘लीबफ्राउमिल्श’ हे नाव तर आधीच सैल झाले होते. ते परदेशी दुकानांतल्या स्वस्त, गोड वाईनचे नाव होऊन बसले. उतारावर राबणाऱ्याने कमावलेली पत दुसऱ्याने मोडून खाल्ली. २०२१ च्या सुधारित कायद्याने मूळ गाव आणि शिवार यांना पुन्हा वजन दिले.

हे शेतकरी सुखाने नांदत आले, असे कोणी समजू नये. १८४३ च्या जानेवारीत तरुण कार्ल मार्क्सने वर्तमानपत्रात मोझेलच्या द्राक्षवाल्यांची दैना मांडली. मार्क्सचे पुढचे सारे बाजूला ठेवा. पण अधिकारी आपल्या कारभारात दोष शोधत नाहीत, ते निसर्गाला नाहीतर शेतकऱ्यालाच दोष देतात, हे त्याचे निरीक्षण कोणत्याही तहसीलला लागू पडेल. १९२६ च्या २५ फेब्रुवारीला बेर्नकास्टेलला शेतकरी कर कार्यालयात घुसले आणि दप्तरे रस्त्यावर आणून जाळली. त्याच वर्षी वाईनवरचा कर रद्द झाला. आर नदीकाठच्या मायशोसला शेतकऱ्यांनी १८६८ मध्ये स्वतःची वाईन सोसायटी काढली. २०२१ च्या जुलैत महापुराने ते खोरे उद्ध्वस्त केले. तेव्हा तिथल्या लोकांनी चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून उभारणीला पैसा उभा केला. चिखलातही बाटली विकली गेली, कारण ती कुठली हे घेणाऱ्याला ठाऊक होते.

आमचा कापूस जिनिंगच्या दारात पोहोचला की गावाचे नाव तिथेच गळून पडते. गाठीवर ना शिवार, ना शेतकरी. जमीन हलकी आहे म्हणून भाव हलका, असे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. मोझेलची जमीन आमच्याहून हलकी आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने तीन प्रश्न घेऊन यावे: आपला वाण कोणता, त्याचे माप कोण घेतो, आणि तो कोणाच्या नावाने विकला जातो?