पापलेटचा माग काढा



राज्य सरकारने २०२३मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. दोन्ही निर्णय चांगलेच. तरीही सोलापूरच्या बाजारात बर्फावर मांडलेली, तळहातात मावतील एवढीच पापलेटे आजही दिसतात. लांबीचा नियम मासा जाळ्यात आल्यावर लागतो आणि डोल जाळ्यात सापडलेले पिल्लू मोजेपर्यंत मेलेले असते. ते वाचवायचे तर कोणत्या महिन्यात ते कोणत्या खाडीच्या तोंडाशी असते, हे आधी कळायला हवे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी आवश्यकच आहे, पण ती सगळ्या किनाऱ्याला आणि सगळ्या जातींना एकाच मापाने लागते.

कासवांच्या बाबतीत माग काढण्याचे हे काम आपण केले आहे. २०२२मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या कासविणीला उपग्रह टॅग लावला. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. मग माशांचा माग का नको? कासव श्वासाला वर येते म्हणून त्याचा संदेश उपग्रहापर्यंत जातो, पापलेट वर येत नाही, ही अडचण खरी आहे. पण इतर मार्ग आहेत. माशाच्या डोक्यात, आतल्या कानात चुन्याचे बारीक खडे असतात. झाडाच्या खोडासारखी त्यांत वाढीची वलये पडतात, पिल्लांमध्ये तर दिवसागणिक. त्या थरांतल्या मूलद्रव्यांवरून मासा खाडीच्या मचूळ पाण्यात वाढला की खुल्या समुद्रात, याचा अंदाज बांधता येतो. आपण ते डोके कचऱ्यात टाकतो!

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र मुंबईत आहे. सातपाटीसारख्या बंदरांतल्या मच्छीमार सोसायट्यांना सोबत घेऊन राज्याने तिथे पाच-दहा वर्षांचा अभ्यास सुरू करावा. नमुने आणून देणाऱ्या नाखव्याला रोख मोबदला द्यावा. पिल्लांच्या जागा कळल्या की तेवढ्याच पट्ट्यात, तेवढेच आठवडे डोल जाळी थांबवता येतील आणि गरीब मच्छीमाराचा बाकीचा हंगाम बुडणार नाही.

समुद्राशी सोलापूरचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. लहान पापलेटला गिऱ्हाईक आपल्यासारख्या शहरांतही मिळते, म्हणूनच ते इथवर येते. अभ्यास पुरा होईपर्यंत आकारमानाची तपासणी बंदरांपुरती न ठेवता आमच्या बाजारातही व्हावी.

– एक वाचक, सोलापूर