ठिबकणारा नळ

आज रात्री घरात सामसूम झाली की जरा कान देऊन ऐका. न्हाणीघरातून 'टप्, टप्' असा आवाज येतो का? येत असेल, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

"एका थेंबाने काय होते?" असे आपण सहज म्हणतो. एकदा मोजून पाहा. नळाखाली एक लिटरचे भांडे ठेवा. ते एका तासात भरले, तर दिवसाला २४ लिटर आणि ३० दिवसांत ७२० लिटर पाणी वाया जाते. मराठीत 'थेंबे थेंबे तळे साचे' अशी म्हण आहे. उर्दूतही 'कतरा कतरा दरिया' म्हणतातच. थेंबांनी तळे साचते, तसे ते रिकामेही होते. एका वस्तीत माणसे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात आणि दुसऱ्या वस्तीत रात्रभर नळ ठिबकतो, ही गोष्ट मनाला बोचली पाहिजे.

आमच्या घरचा नळ दोन महिने ठिबकत होता. मी तो रोज अधिक जोर लावून पिळत असे. शेवटी माझ्या धाकट्या बहिणीने तो उघडून पाहिला. आतला रबराचा वॉशर झिजला होता आणि माझ्या जोरामुळे तो अधिकच चेपला होता! आपल्याकडे त्याला 'वायसर' असेही म्हणतात. दोष छोटासा होता, पण मी कधी आत डोकावलोच नव्हतो.

साधा फिरवण्याचा नळ दुरुस्त करणे अवघड नाही. प्रथम पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. मग नळ उघडून नळीतले पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडके टाका, म्हणजे लहान भाग आत पडणार नाहीत. पान्याने नळाचा वरचा भाग सोडवा. त्याच्या तळाशी वॉशर दिसेल. जुना वॉशर दुकानात दाखवून त्याच मापाचा नवा आणा आणि बसवा. वरचा भाग पुन्हा घट्ट करा, पण फार जोर लावू नका. शेवटी मुख्य कॉक हळूहळू उघडा. पहिल्या वेळी घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवा. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या काही नव्या नळांत मात्र असा वॉशर नसतो. भिंतीतली नळी गळत असेल, तर प्लंबरलाच बोलवा.

काहीजण म्हणतील, "हे आपले काम नव्हे." मला हे पटत नाही. हातात पाना धरल्याने कोणी लहान होत नाही. उलट, स्वतः नळ उघडून पाहिला की प्लंबरच्या कौशल्याची किंमत कळते. आणि हे काम फक्त मुलांचे, मुलींचे नाही, असे तर मुळीच समजू नका.

मुंबईजवळच्या मीरा रोडचे लेखक व चित्रकार आबिद सुरती यांचे उदाहरण पाहा. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, २००७ साली, त्यांनी एक काम हाती घेतले. रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन ते लोकांच्या घरी जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. एवढा मोठा लेखक, पण दुसऱ्याच्या घरचा नळ त्यांना क्षुल्लक वाटला नाही. मग आपल्याला आपल्याच घरचा नळ का वाटावा?

मित्रांनो, धरणे बांधणे आपल्या हाती नाही. पाऊस पाडणेही नाही. पण घरातला एक नळ आपल्या हाती आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी तेवढे काम कराच. त्या रात्री पुन्हा कान देऊन ऐका. 'टप्, टप्' थांबलेली असेल, आणि ती शांतता तुमच्या हातांनी मिळवलेली असेल.